साखरेचे पाणी

दिवाळी जवळ आली की आपल्या घरात दोन गोष्टी न चुकता येतात. एक चकलीचा वास आणि दुसरी क्रांती. चकली घरात तळली जाते. क्रांती दुकानातून आणावी लागते. यंदाचा फोन क्रांतिकारक, यंदाचे कपडे धुण्याचे यंत्र क्रांतिकारक, आणि तेलाच्या दोन थेंबांत सामोसा भाजून देणारी ती पेटी, तीही क्रांतिकारकच! एके काळी क्रांती म्हटले की माणसे घरदार सोडून तुरुंगात जात. आता घरातच बसून तिचे बारा हप्ते बांधून घेतात. संपादकांची क्षमा मागून सांगतो, हा अंक शेवटच्या पानापर्यंत चाळलात तर तुम्हांलाही दोन-चार क्रांत्या सापडतील. त्या जाहिरातींवरच दिवाळी अंक जगतात, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या जाहिराती खऱ्या मानणाऱ्या आपल्या भोळेपणावर.

शिवाय हल्लीच्या प्रत्येक क्रांतीमागे एक देव असतो. मी शाळामास्तर आहे. ‘जग बदलणारा माणूस’ असा निबंधाचा विषय दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच चेहरा उमटतो : काळा सदरा घातलेला, हातात चकाकती वस्तू धरलेला, अमेरिकेतला स्टीव्ह जॉब्ज. पोरांचा दोष नाही. त्यांच्या बापांनी त्याचे चरित्र कपाटात गीतारहस्याच्या शेजारी ठेवलेले असते.

माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही. ९ जानेवारी २००७ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत रंगमंचावर उभा राहून त्याने आयफोन दाखवला आणि आपण फोनचा नवा शोधच लावला आहे, अशा अर्थाची घोषणा केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण ती वस्तू जरा उलगडून पाहा. बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा इंग्लंडच्या सरकारी रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने १९६५ सालीच मांडला होता. रस्ता दाखवणारे उपग्रह अमेरिकन लष्कराचे. इंटरनेटचे मूळ १९६९ साली सुरू झालेल्या, तिथल्याच संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या जाळ्यात. त्यावरची वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या अनेक देशांनी मिळून चालवलेल्या प्रयोगशाळेत मांडली. आतल्या बॅटरीसाठी तीन रसायनशास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तिघांची नावे आपल्या शेजाऱ्याला विचारून पाहा. तो नक्की फोन काढून शोधील, आणि ज्यांच्या बॅटरीवर तो फोन चालतो त्यांचीच नावे शोधतो आहोत हे त्याच्या लक्षातही येणार नाही!

यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, आचारी काही भाजी स्वतः पिकवत नाही, म्हणून त्याच्या हाताला चव नसते काय?’ असते ना! जेवण उत्तम झाले तर आचाऱ्याची पाठ जरूर थोपटा. पण आचाऱ्यालाच शेतकरी म्हणू नका, आणि शेतकऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नका. ५ ऑक्टोबर २०११ रोजी जॉब्ज वारला तेव्हा सारे जग हळहळले. त्यानंतर अवघ्या आठवड्याने डेनिस रिची गेला. संगणकाची ‘सी’ ही भाषा त्याने घडवली आणि केन थॉम्पसनबरोबर ‘युनिक्स’ ही प्रणाली उभी केली. जॉब्जच्या फोनच्या पोटात चालते ती प्रणालीही त्याच युनिक्सच्या वंशातली. रिचीसाठी कोणी कुठे मेणबत्ती लावल्याचे मला आठवत नाही.

आता ज्यावरून या लेखाला नाव दिले, त्या गोष्टीकडे येतो. १९८३ साली जॉब्जला आपल्या कंपनीसाठी एक वाकबगार कारभारी हवा होता. जॉन स्कली हा गृहस्थ तेव्हा पेप्सीचा प्रमुख होता. तो येईना, तेव्हा जॉब्जने त्याला विचारले की बाबा रे, जन्मभर साखरेचे पाणीच विकत बसणार, की माझ्याबरोबर जग बदलायला येणार? हा प्रश्न आज व्यवस्थापनाच्या वर्गांतून सुभाषितासारखा सांगितला जातो. जग बदलणे एकीकडे आणि साखरेचे पाणी दुसरीकडे, अशी त्याची मांडणी.

गंमत अशी की त्याच्या बारा वर्षे आधी साखरेच्या पाण्याने जग बदलले होते, आणि ते आपल्याच देशात!

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. इस्पितळाच्या जमिनीवर घाणीत माणसे पडलेली, आणि सुई टोचायला शिकलेले हात मोजके. कलकत्त्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केले. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज म्हणजे एक प्रकारची साखरच, यांची भुकटी मोजून पिशव्यांत भरली, पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली, छावणीत ती पाण्यात कालवली आणि नळ लावलेल्या पिंपांतून ते पाणी नातेवाइकांच्या हातीच दिले : पाजा, पाजत राहा. जिथे शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, तिथे हे पाणी प्यालेल्यांत ते प्रमाण चाराच्याही खाली आले.

यामागचे शास्त्रही सुंदर आहे. जुलाबात आतडे नुसते पाणी शोषून घेत नाही, नुसते मीठही घेत नाही. पण साखर सोबत असली की मिठाला दार उघडते आणि मिठामागून पाणी आत जाते. रॉबर्ट क्रेन याने १९६० साली हे कोडे उलगडले. त्याआधी १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी असा उपचार करून तो प्रसिद्धही केला होता. १९६८ साली डाक्क्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तो नीट तपासून पाहिला. म्हणजे इथेही देव एक नाही. आहे ती दिंडी.

त्या दिंडीचा शेवटचा टप्पा तर मला सर्वांत मोठा वाटतो. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना त्यांनी शिकवले : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारणीला पगार कशावर? आईच्या ध्यानात किती राहिले, यावर! आम्हां मास्तरांना हा नियम लावला तर कित्येकांच्या घरी दिवाळी होणार नाही. पण त्या बायकांनी तो निभावला. मीठ-साखरेच्या या पाण्याने आजवर पाच कोटींहून अधिक जीव वाचवले, असा अंदाज सांगतात. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणानंतर. कोणत्या निबंधाच्या वहीत त्यांचा चेहरा आहे?

‘म्हणजे यंत्रे नकोतच म्हणा की! जा परत जात्यावर!’ असे म्हणणारे वाचक मला दिसताहेत. नाही हो! जात्यावर परत जायला मी कोणाला सांगणार? हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो ठेवा अनमोल आहे. पण पहाटे उठून दळण दळणारी बाई काही काव्याच्या हौसेने उठत नव्हती. गावात पिठाची गिरणी आली आणि तिच्या जन्मातली पहाट तिला परत मिळाली. हिला मी खरी क्रांती म्हणतो. आणि गंमत पाहा, या क्रांतीचा फोटो कुठे नाही. गिरणीवाला भाऊ पिठाने पांढरा होऊन डबे मोजत बसतो, एवढेच.

मिक्सरचेही तेच. सीमेन्समध्ये नोकरीला असलेले सत्यप्रकाश माथूर नावाचे अभियंते. त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर बिघडला. परदेशी यंत्राला आपली ओली वाटणे आणि कोरडे मसाले झेपत नव्हते. माथूरांनी १९६३ साली कंपनी काढली आणि आपल्या वाटणाला पुरी पडेल अशी मोटर बसवलेला ‘सुमीत’ मिक्सर घरोघर पोचवला. पाटा-वरवंटा अंगणात गेला. आज ‘सुमीत’ आठवणाऱ्या आज्या भेटतील. माथूर आठवणारी एक भेटली तर मला कळवा.

तेव्हा माझे भांडण यंत्राशी नाही, तोलण्याच्या तराजूशी आहे. वस्तूने आयुष्य बदलले की नाही हे ठरवायला मी तीन प्रश्न विचारतो. ती शेवटच्या घरापर्यंत पोचली का? तिच्यामुळे कोणाचा जीव किंवा कोणाची पाठ वाचली का? आणि वाचलेला वेळ ज्याच्या श्रमातून वाचला, त्याच्याच पदरात पडला का?

तिसऱ्या प्रश्नापाशी भल्याभल्या यंत्रांची दांडी उडते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की घरात यंत्रे आली तशी पुरुषांची आणि मुलांची कामे सुटली, आईची मात्र सुटली नाहीत. लोखंडी चूल आली आणि बापाचे लाकूड फोडणे कमी झाले. आईच्या स्वयंपाकात मात्र पदार्थ वाढले. आपल्याकडे काय वेगळे आहे? २०१९ सालच्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस! मिक्सर झाला, कुकर झाला, धुण्याचे यंत्र झाले. बटण मात्र तेच बोट दाबते. बटणावरचे बोट बदलणारे यंत्र अजून कोणत्याही दुकानात आलेले नाही.

आणि धुण्याच्या यंत्राला पाणी लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने घरोघर नळ द्यायची योजना जाहीर केली, तेव्हा देशातल्या खेड्यांत शंभरातल्या सतराच घरांना नळ होता. आयफोन बाजारात येऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. डोक्यावर हंडा आणि कमरेला फोन, हे चित्र आपण इतकी वर्षे पाहिले आणि तरी क्रांती फोनलाच म्हणत राहिलो!

फोनने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९९७ नंतर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आले. कोणत्या बंदरात भाव आहे हे कोळी समुद्रातूनच विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली हिशेब मांडला : कोळ्याचा नफा शेकडा आठने वाढला, गिऱ्हाइकाला मासळी शेकडा चारने स्वस्त मिळाली आणि मासळी फेकून द्यायची पाळी जवळजवळ राहिली नाही. पण तो फोन साधा, बटणांचा होता, आणि काम केले ते किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टाळ्या वाजायच्या कितीतरी आधी! त्यानंतर दरवर्षी आलेल्या नव्या फोनने त्या कोळ्याच्या टोपलीत आणखी किती मासे टाकले, हे मात्र कोणी सांगत नाही.

हे सारे एवढ्या पोटतिडकीने का लिहितो? कारण यात मुलांचे शिक्षण अडकले आहे. जग एका अलौकिक माणसाने बदलते आणि आपण फक्त विकत घ्यायचे असते, हा धडा ती शिकताहेत. खरा धडा उलटा आहे. जग बदलते ते अनेकांच्या हातांनी. आणि शोध लागला म्हणजे काम संपत नाही, तिथे ते सुरू होते. मीठ-साखरेचे पाणी सापडून अर्धे शतक उलटले. त्याची पुडी स्वस्तातली. तरीही जुलाबाने जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले मरतात. पुडीला रंगमंच नाही, काळा सदरा नाही, दिवाळीची सूट नाही. तिच्यात कोणाला नफा नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी ओरडत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा घ्यायची ती वस्तू खुशाल घ्या. सणाला नवे काही घरात यावे, यात पाप नाही. फक्त तिला वस्तूच म्हणा. क्रांती हा शब्द राखून ठेवा. फराळाचे वाटण झाले की मिक्सरचे भांडे या वेळी घरातल्या पुरुषांनी घासा. आणि मुलांना जवळ घेऊन एक पाककृती पाठ करून घ्या : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चकलीच्या भाजणीचे प्रमाण तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असेल; त्याच्या शेजारी हेही लिहून ठेवा.