आम्हाला फक्त सही हवी होती

आमच्या मोहल्ल्यात नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर सकाळपासूनच रांग लागते. कुणाला रहिवासी दाखल्यासाठी लेटरहेड हवे असते, कुणाच्या दारात गटार तुंबलेले असते, कुणाच्या पोराला रात्री पोलीस घेऊन गेलेले असतात, कुणाच्या अम्माला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नसते. नगरसेवक साहेब बाहेर येतात, सह्या करतात, फोन लावतात. दुपारी जनाजाला खांदा देतात आणि रात्री दोन-तीन निकाहांना हजेरी लावतात. रांगेतले लोक म्हणतात, "आदमी काम का है." आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो आहोत. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत, ते लांब उभे राहून कुणाला शहाणपण शिकवण्यासाठी नव्हे.

२०२२ साली महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक बसले. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी, असे संविधान सांगते. तरी ती झाली नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधली जवळजवळ चार वर्षे आमच्या प्रभागाला एकही नगरसेवक नव्हता.

या चार वर्षांत आमच्या मोहल्ल्याला काय कमी पडले? आम्ही लोकांच्या बोलण्यात हे कान देऊन ऐकले आहे. तक्रार एकच होती. दाखल्यावर सही कुणाची घ्यायची? माजी नगरसेवकाची सही चालेना. वर्षामागून वर्ष शहराचे अंदाजपत्रक एका अधिकाऱ्याने तयार केले आणि त्यानेच मंजूर केले, सभागृहात आपल्या वस्तीसाठी बोलणारा कुणी उरला नाही, याचे दुःख आम्हाला झाले नाही. म्हणजे आम्ही जे गमावले, ते आमच्यापाशी आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला फक्त सही हवी होती.

इथेच आमचे भांडण आहे, आणि ते नगरसेवकाशी कमी, स्वतःशी जास्त आहे.

कुणी म्हणेल, सर, तुमचा पगार एक तारखेला होतो. रात्री बारा वाजता दवाखान्याच्या दारात उभे राहावे लागले म्हणजे कळेल. हे खरे आहे. पोलीस ठाण्यात आपल्या पोराचे नाव ऐकताच ज्या नजरेने पाहिले जाते, तिथे सोबत एक वजनदार माणूस असावा असे कुठल्या बापाला वाटणार नाही? या कामाला आम्ही हलके समजत नाही. पण रोजच्या या धावपळीत एक गोष्ट गुपचूप बदलून गेली. जो हक होता, तो एहसान झाला.

कब्रस्तानचेच पाहा. कंपाउंड झाले, दिवे लागले की फाटकावर बॅनर झळकतो, "यांच्या विशेष प्रयत्नातून". आम्ही हार घेऊन जातो. पण १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानाला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. पाणी, रस्ते, सफाई, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद आणि दफनभूमीसुद्धा! मेल्यानंतरची सहा फूट जमीन जिथे संविधानात लिहिलेली आहे, तिथे तिच्यासाठी आम्ही कुणाचे उपकार मानतो आहोत?

आता आमच्या शाळेविषयी. आमची शाळा महापालिकेची, उर्दू माध्यमाची. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ होता, पाणी नव्हते. सातवी-आठवीच्या मुली दुपारनंतर घरी जात आणि महिन्यातले काही दिवस येतच नसत. हजेरीपट आमच्या हातात होता, कारण आम्हाला ठाऊक होते. आम्ही काय केले? वह्यावाटपाच्या कार्यक्रमात नगरसेवकांच्या कानावर ही गोष्ट घातली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, फोटो निघाला, टाकी भरली. तीन दिवसांनी टाकी रिकामी झाली. पुन्हा सांगायला आम्ही गेलो नाही. एका प्रभागात चार नगरसेवक. एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि खरे सांगायचे तर आम्हाला बदलीची भीती वाटली.

त्या वह्यावाटपासाठी आम्ही मुलांना तासभर उन्हात उभे केले होते. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही शिकवतो की लोकशाहीत जनता मालक असते. त्या एका तासात मुले जे शिकली, ते पुसायला आमचे दहा तास पुरणार नाहीत.

पुढे एकदा त्याच प्रभागातल्या नगरसेविका शाळेत आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. पण आमच्याकडे बॅनरवर भाभींपेक्षा त्यांच्या शोहरांचा फोटो मोठा असतो आणि लोक नगरसेवक म्हणतात तेही शोहरांनाच. त्या दिवशी मात्र त्या एकट्या आल्या. ऑफिसात चहाला न बसता सरळ मुलींच्या स्वच्छतागृहात गेल्या, नळ फिरवून पाहिला आणि विचारले, "सर, पानी कब से नहीं है?" दोन वर्षांत हा प्रश्न विचारणारे हे पहिले माणूस. मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि शोहरांना लावला, कारण पाण्याच्या खात्यातल्या कुठल्या साहेबाला सांगायचे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांना सभागृहात बोलू द्या, असे मोहल्ल्यातून कुणी म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. नगरसेवकाचे खरे काम हेच. पैसा कुठे चालला आहे ते पाहणे आणि भर सभेत उभे राहून नाही म्हणणे. आम्ही जयंतीला फुल्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि आपल्या नगरसेवकाला एकदाही विचारत नाही की गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत तुम्ही किती वेळा तोंड उघडले.

मग करायचे काय? मोर्चा नको, भाषण नको. तोंडी सांगणे बंद करून लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांत आपल्या प्रभागासाठी किती तरतूद झाली आणि किती खर्ची पडली ते मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे गावाला ग्रामसभा तशी वस्तीला मतदारांची सभा. आपल्या मोहल्ल्यात ती कधी भरली, हे नव्या नगरसेवकांना विचारा. लिहिता येत नसेल त्याने आमच्याकडे यावे. बी.एड. करून आम्ही एवढेही करणार नसू, तर ती पदवी लग्नपत्रिकेवर छापण्यापुरतीच राहील.

दाखल्याची रांग उद्याही लागेल. लागू द्या. गरजू माणसाने सही जरूर घ्यावी. पण सही घेऊन झाली की तिथेच थांबून एक प्रश्न विचारावा, "साहेब, शाळेचे पाणी अंदाजपत्रकात कुठल्या पानावर आहे?"

हा प्रश्न पहिल्यांदा विचारायची जबाबदारी आमची होती. आम्ही दोन वर्षे गप्प बसलो. त्या दोन वर्षांत आठवीतून ज्या मुली शाळा सोडून गेल्या, त्यांची नावे आमच्याच हस्ताक्षरात हजेरीपटावर आहेत.