चिखलदऱ्याचा ब्रेक अमरावतीत तपासू नका

चिखलदऱ्याहून उतरताना पेडल मऊ पडलं, म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी सोमवारी गाडी अमरावतीत गॅरेजला नेली. मेकॅनिकने बायपासवर एक चक्कर मारली, डबीत वरच्या खुणेपर्यंत ब्रेक ऑईल ओतलं आणि चावी परत दिली. "काई नाई झालं भाऊ, ऑईल कमी होतं, टाकून देल्लं." हे वाक्य ऐकलं की संताप होतो, कारण त्याच भरवशावर माणसं पुढच्या रविवारी लेकरांना घेऊन पुन्हा घाटात जातात.

बायपासवर काही सापडणारच नव्हतं. आपला सपाट अकोला रस्ता बघा. बडनेरा सोडलं की मूर्तिजापूरपर्यंत ब्रेकला काम ते किती? डिस्क जरा तापली की वारा तिला निववतो. आता चिखलदरा घ्या. उंची १,११८ मीटर, पायथ्याचं परतवाडा त्याच्या सातशेहून जास्त मीटर खाली. वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर त्या उताराची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये, आणि तिथून थोडी पॅडमधून कॅलिपरमधल्या ऑईलमध्ये शिरते. डॉट ३ ऑईल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. मग वाफ धरते. ऑईल दबत नाही, वाफ दबते, आणि पाय खोल जातो. परतवाड्यात चहा होईस्तोवर वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल कडक होतं. अमरावतीत पोचलेली गाडी निर्दोषच दिसते.

वरून ऑईल ओतून, म्हणजे टॉप-अपने, यात काहीच साधत नाही. ब्रेक ऑईल इंजिन ऑईलसारखं फिरत नसतं. नवं वर डबीत राहतं, चाकापाशी जुनंच उकळतं. शिवाय पातळी उतरते ती पॅड झिजल्याने किंवा गळतीने. ओतून मोकळं होणारा ती खूणच पुसून टाकतो.

थंड गाडीतही पेडल मऊ असेल तर शोध वेगळा. दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमची सेटिंग ढिली. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर कुठेतरी गळतंय नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. कुणाला तरी पेडल दाबायला लावा आणि रबरी होजकडे बघा. फुगत असेल तर बदला.

आणि ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑईल काढून नवं भरणं, पूर्ण करून घ्या. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, तो बंद झाल्यावरच पाय सोडायचा. निपलला लावलेल्या नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांविना ऑईल येईपर्यंत हे चालवायचं, मध्ये डबी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकातून घ्या. एबीएसच्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो. नव्या ऑईलची बाटली सीलबंदच हवी.

धुरासाठी पीयूसी सक्तीची, ऑईलमधल्या पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. घाटातल्या 'ब्रेक फेल'च्या बऱ्याच बातम्यांमागे हेच पाणी असावं, असं माझं ठाम मत आहे. ओलावा मोजणारा पेनाएवढा टेस्टर मिळतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तो परतवाड्यात, घाट चढण्याआधी, प्रत्येक गाडीच्या डबीत बुडवला गेला पाहिजे.