वेधांचे दप्तर

नभोविज्ञानाची जी चर्चा आज घरोघरी चालते ती बहुतांशी यानांची आणि मोहिमांची असते; परंतु ज्या अखंड नोंदींवाचून त्या विज्ञानाला आधारच उरला नसता, त्यांच्याकडे वाचकांचे लक्ष वळवावे, या हेतूने प्रस्तुत अंक आम्ही वेधकार्याला वाहिला आहे.

ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजावयाचे तर त्याला जोडीदार असावा लागतो. म्हणूनच युग्मताऱ्यांना आम्ही अग्रस्थान दिले आहे. बालपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या जॉन गुडरिकने, १७८३ साली, अल्गोल हा तारा दर २ दिवस व सुमारे २१ तासांनी मंदावतो असे दाखवून, एखादा अदृश्य गोल त्याला झाकीत असावा असा तर्क मांडला, आणि १८८९ साली वर्णपटाच्या पुराव्याने तो खरा ठरला. शतकाहून अधिक काळ वाट पाहणारे हे अनुमान आम्हांस फार मोलाचे वाटते. सक्रिय दीर्घिकांचा परामर्श कार्ल सायफर्ट यांच्या १९४३ सालच्या निबंधापासून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपर्यंत घेतला आहे.

उच्च वातावरणाचा दाखला तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार, सबब कुलाब्याचे चुंबकीय वेधकार्य अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ पासूनच्या तेथील नोंदींत सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील विद्युत्प्रवाहांचे पडसाद उमटलेले आहेत.

ज्या वाचकांनी स्वतः रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले असतील, त्यांनी आपली टिपणे, तारीख, वेळ व मुक्कामाच्या उल्लेखासह, आमच्याकडे अवश्य धाडावीत.