लासलगावही पाहण्यासारखं आहे

नाशिकला आलेला पाहुणा त्र्यंबकेश्वर करतो, द्राक्षमळ्यात वाइन चाखतो आणि परततो. निफाड तालुक्यातलं लासलगाव त्याच्या यादीत नसतं. ते असायला हवं. तिथल्या बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन पत्ती, रंग बघतो, क्विंटलमागे बोली लागते आणि काही क्षणांत शेतकऱ्याच्या हंगामाचा हिशेब मिटतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी लादताच लिलाव का बंद पडले, हे ही बोली ऐकल्यावर उमगतं. बाजार समिती हे काय सहलीचं ठिकाण, असं कुणी विचारेल. बघ्यांमुळे कामाचा खोळंबा होईल, ही शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी वेळ आणि माणसं ठरवून द्यावीत. उरलेल्या वेळात एखादी कांदाचाळ दाखवावी. साठवणुकीत किती माल सडतो, ते तिथे नाकालाच कळतं.