टोपी गेली तर जाऊ द्या

अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील परतले की गावभर नायगाराचे फोटो दाखवतात. आम्ही उभयता यलोस्टोनला जाऊन आलो. फोटो माझ्याकडेही आहेत, पण आज सांगायचा आहे तो माझा एक मूर्खपणा. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाच्या हातून घडलेला, म्हणून जास्तच सांगायला हवा.

१८७२ साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचे. भूगर्भातल्या तप्त खडकामुळे तिथे गरम पाण्याची कुंडे, उसळती कारंजी, खदखदणारे चिखल आणि वाफेची भोके मिळून १०,००० हून अधिक ठिकाणे आहेत. मुलगा म्हणत होता, "बाबा, आपली गाडी आहे, वाटाड्याला पैसे कशाला?" मी हट्टाने मार्गदर्शकासह दिवसभराची सहल घेतली. तो हट्टच कामी आला.

मार्गदर्शक बाईंनी बस सुटताच तीन गोष्टी बजावल्या. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही. पाण्याला हात लावायचा नाही. वस्तू पडली तर ती गेली असे समजायचे. मला हसू आले. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय सोडून बसलेला माणूस मी, मला गरम पाण्याचे काय सांगता?

ग्रँड प्रिझमॅटिक या भल्यामोठ्या कुंडाशी पोचलो. मधोमध निळेशार पाणी, काठाला पिवळ्या-केशरी कडा. हे रंग उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंचे. (अशाच एका जिवाणूचा शोध याच उद्यानात १९६० च्या दशकात लागला आणि त्याच्यातले विकर पुढे पीसीआर चाचणीत वापरले गेले. कोविडच्या काळात आपण नाकात काडी घालून घेतली, तिचे एक मूळ इथे आहे.) वारा सुटला होता. माझी टोपी उडाली आणि फळीपासून हातभर अंतरावर पडली. तिथे पाणी बोटभरही दिसत नव्हते. मी एक पाय खाली टाकला, तोच बाईंनी पाठीवरची पिशवी धरून मला मागे खेचले. "डॉक्टर, मागे व्हा!" त्या ओरडल्या. पुढे शांतपणे म्हणाल्या, "वरचा थर पापडासारखा असतो. खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही."

अंगावर सर्रकन काटा आला. या उद्यानात कुंडांतल्या पाण्याने भाजून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. १९८१ मध्ये एका तरुणाने कुंडात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला उडी घेतली. माणूस आणि कुत्रा दोघेही गेले. २०१६ मध्ये दुसरा एक तरुण फळीवाट सोडून गेला आणि परतला नाही. शिवाय २०२४ च्या जुलैत बिस्किट बेसिन भागात भूगर्भातल्या वाफेचा स्फोट होऊन फळीवाटच उद्ध्वस्त झाली. सुदैवाने तेव्हा कुणाला इजा झाली नाही.

माझ्या मते आपण गरम पाण्याला घाबरत नाही, कारण ते रोजचे आहे. विस्तव दिसतो, पाण्याची उष्णता दिसत नाही. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलाची त्याहून लवकर. मी दवाखान्यात ज्या भाजलेल्या बाळांवर उपचार केले, त्यांतली कितीतरी न्हाणीघरातली. बंबातले कढत पाणी बादलीत आधी ओतायचे आणि विसण आणायला वळायचे, तेवढ्यात मूल बादलीत बसते. आधी गार पाणी, मग कढत, इतका साधा क्रम पाळला तरी पुष्कळ टळेल. सुनेला शिकवण्याआधी सासूबाईंनीही तो पाळावा, हे आपले माझे मत.

दुसरी मंडळी मधुमेहाची. वर्षानुवर्षे साखर वाढलेली असली की पायांची जाणीव बोथट होते. तुरळ-राजवाडीच्या किंवा चोपड्याजवळच्या उनपदेवच्या कुंडात ही मंडळी "छान शेक मिळतोय" म्हणून पाय सोडतात आणि घरी आल्यावर फोड दिसतात. त्यांनी पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, दुसऱ्याच्या हाताने घ्यावा. तीर्थाला जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. पण कोमट गोड्या पाण्यात डोके बुडवून नाकात पाणी जाऊ देऊ नये. एक प्रकारचा अमिबा त्या वाटेने मेंदूपर्यंत पोचतो. आजार विरळा, पण झाला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत.

हृदयविकार किंवा दम्याच्या रुग्णांनी यलोस्टोनला जाताना हेही ध्यानात ठेवावे की ओल्ड फेथफुल हे प्रसिद्ध कारंजे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरहून कितीतरी उंच. दम लागतो. मोठे रुग्णालय लांब. रोजची औषधे सामानात नव्हे, खिशात हवीत.

आणि कुठेही भाजले तर पहिली वीस मिनिटे साध्या, वाहत्या पाण्याखाली तो भाग धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूपही नको. अंगठी, बांगड्या सुजेआधी उतरवा. स्वच्छ कापड सैल झाका आणि डॉक्टरांकडे निघा. बाळ असेल तर फोड लहान दिसला तरी निघा.