महागडं फूल कोणासाठी?



‘पिसांच्या महागड्या फुलाशिवाय बॅडमिंटन सुधारत नाही’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं मत मला अजिबात पटलं नाही. मी वसमतला रोज सकाळी खेळतो, गल्लीतली पोरंही सोबत असतात. पिसांच्या फुलाला पिसं १६, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे नाजूकच काम. नवशिक्याचा फटका बुचाऐवजी पिसांवर बसतो, दुसऱ्या-तिसऱ्या रॅलीतच काडी मोडते आणि फूल डुगडुगत भलतीकडे जातं. एप्रिलच्या आपल्या कोरड्या हवेत तर पिसं आणखी ठिसूळ. आदल्या रात्री वाफ दिली की जरा जास्त टिकतात, हे खरं. तापलेल्या हवेत फूल लांबही जातं. म्हणून उन्हाळ्यात वेगाचा नंबर ७७ ऐवजी ७६ किंवा ७५ असलेलं, म्हणजे हळू फूल मागवावं. किमतीआधी हा नंबर बघा!

नेटजवळचा नाजूक ड्रॉप पिसांच्या फुलावरच कळतो, एवढं मला मान्य. त्याला आठवड्यातला एक दिवस पुरे. बाकी दिवस नायलॉनच्या फुलानं खेळावं आणि वाचलेल्या पैशांत पोरांना धड बूट घ्यावेत. सिमेंटच्या कोर्टवर ती अजून चपला घालून धावतात, घसरतात, गुडघे सोलून घेतात.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)