दुकानाची फळी

लक्ष्मीपूजनाला व्यापारी पूजतो ती वही दुकानाची. घरखर्चाची वही निराळी. तिचा मुक्काम गृहिणीच्या फडताळात! हिशेबाचे यंत्रही आधी असेच सोवळ्यातले. १९८६ साली बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी 'टॅली'चा उद्योग मांडला, तो पेढीच्या जमाखर्चासाठी. २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप निघाले, ते आप्तेष्टांच्या क्षेमकुशलासाठी. दुकानदार त्यावरच मालाच्या मागण्या घेऊ लागले, आणि २०१८ साली व्यापाऱ्यांकरिता त्याची निराळी आवृत्ती आली. म्हणजे आधी वहिवाट, मग रस्ता!

केजला आमचे एक स्नेही किराणा दुकान चालवतात. सारी उधारी त्यांच्या फोनमध्ये. आणि संध्याकाळी तोच फोन खेळायला नातवाच्या हाती.

"अण्णा, गावाची उधारी पोराच्या हातात?" मी विचारले.

"त्याला काय कळतंय!" अण्णा हसले.

मला मात्र हसू येईना. त्याच पोराच्या वर्गात त्या उधारीवाल्यांची मुले बसतात. कुणाच्या घरी चणचण आहे, हे गुपित पूर्वी वहीबरोबर दुकानातच कुलूपबंद होई.

वाचकहो, सोय हवीच. पण रात्री दुकानाला फळी लागते. फोनमधल्या दुकानालाही निराळे कुलूप घालता येते. ते घालावे. उधारी पैशांची असते, अब्रूची नव्हे.